ड्रम कोअरमध्ये निवड आणि जागा: मराठी पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या शाळांच्या मार्चिंग बँडमध्ये आपली बरीच मुलं आहेत. त्यांतलं एखादं नववी-दहावीत घरी येऊन सांगतं, "मला उन्हाळ्यात ड्रम कोअर करायचंय," आणि आईबाबा गोंधळतात. मंडळाच्या कार्यक्रमांत, बँडच्या पार्किंग लॉटमध्ये आणि व्हॉट्सअॅपवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. प्रत्येक कोअरचे नियम, तारखा आणि फी वेगळी असते आणि दरवर्षी बदलते, त्यामुळे पैसे भरण्याआधी त्या-त्या कोअरकडून खात्री करून घ्या.

हा शाळेच्या मार्चिंग बँडचाच प्रकार ना?

दिसायला तसाच. तोच फुटबॉलचा मैदान, तेच गणवेश आणि झेंडे. पण शाळेशी त्याचा संबंध नसतो. कोअर ही स्वतंत्र, ना-नफा संस्था असते आणि तिच्यात देशभरातून मुलं येतात. क्लॅरिनेट, बासरी, सॅक्सोफोन यांना जागा नाही. पितळी वाद्यं, तालवाद्यं आणि कलर गार्ड (झेंडे, लाकडी रायफली फिरवत नाचणारा गट) एवढाच संसार. मे महिन्यापासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत मुलं घराबाहेर असतात. साधारण दहा-बारा मिनिटांचा एकच शो उन्हाळाभर घासूनपुसून पक्का करतात आणि गावोगावी स्पर्धांमध्ये सादर करतात. या स्पर्धा ड्रम कोअर इंटरनॅशनल, म्हणजे डीसीआय, भरवते. ही संस्था १९७१ मध्ये स्थापन झाली, पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९७२ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला झाली, आणि २००९ पासून अंतिम फेरीचं ठिकाण इंडियानापोलिसचं लुकास ऑइल स्टेडियम आहे.

मुलांनी पैसे भरून ऑडिशनला जायचं, ही कुठली पद्धत?

नवीन पद्धत आहे, आणि प्रश्न रास्त आहे. पूर्वी गंगा उलटी वाहायची. अमेरिकन लीजनसारख्या माजी सैनिकांच्या संघटना, चर्च आणि स्काउटची पथकं आपापल्या वस्तीतली पोरं गोळा करून कोअर चालवत. वाद्य हातात द्यायचे, वाजवायला शिकवायचे, रस्त्यावर उनाडक्या करण्यापेक्षा इथे बरं असा हेतू. सॅक्रामेंटोचा मँडरिन्स हा कोअर १९६३ मध्ये तिथल्या चिनी-अमेरिकन समाजाने आपल्या मुलांसाठी सुरू केला. आज तो वर्ल्ड क्लासमध्ये, म्हणजे मोठ्या कोअरच्या गटात, आहे आणि त्यात सगळीकडची मुलं आहेत.

दौरे लांबले, शो अवघड झाले, खर्च वाढला, तसे वस्तीतले छोटे कोअर बंद पडत गेले. जे उरले त्यांच्याकडे देशभरातून रांग लागली. आता कोअरला मुलं शोधायला फारसं फिरावं लागत नाही, मुलंच कोअर शोधतात. लहान कोअरची गोष्ट मात्र निराळी. त्यांना आजही वसंत ऋतूपर्यंत रिकाम्या जागा भरायची धडपड करावी लागते. पुढे जागांबद्दल जे लिहिलं आहे ते समजायला ही विषमता लक्षात ठेवा.

वयाची अट काय?

वर्ल्ड आणि ओपन क्लाससाठी त्या वर्षीच्या १ जूनच्या आधी बावीस पूर्ण झालेले नसावेत. शेवटच्या वर्षाला सगळे 'एज-आउट' म्हणतात, आणि त्या वर्षी मुलं फार हळवी होतात. खालची मर्यादा कोअरवर अवलंबून असते. ओपन क्लासमध्ये तेरा-चौदा वर्षांची मुलं दिसतात, मोठ्या कोअरमध्ये बहुतेक जण अकरावी-बारावीतले किंवा कॉलेजातले. बाविशी ओलांडलेल्यांसाठी ऑल-एज क्लास आहे. त्यांची वेगळी संघटना होती, ती डीसीआयमध्ये विलीन झाली आणि २०२४ पासून हा वर्ग डीसीआयच्या छत्राखाली आला. तिथे सराव शनिवार-रविवारी असतो, त्यामुळे नोकरी सांभाळून करता येतं. हौस राहून गेलेल्या बाबांनी नोंद घ्यावी.

वर्ल्ड क्लास आणि ओपन क्लास यांत फरक काय? ओपन म्हणजे कच्चा लिंबू का?

नाही. वर्ल्ड क्लासचे कोअर मोठे असतात (कमाल १६५ जण), दौरा देशभर आणि पूर्ण उन्हाळा. ओपन क्लासचे बहुधा लहान, दौरा आखूड, फी कमी, आणि शिक्षकांचं प्रत्येकाकडे जास्त लक्ष. काही मोठ्या कोअरचे धाकटे कोअर या वर्गात खेळतात. कॅलिफोर्नियातल्या कॉन्कर्डचे ब्लू डेव्हिल्स आणि त्यांचे ब्लू डेव्हिल्स बी हे त्यातलं ठळक नाव.

माझं मत विचाराल तर पंधरा-सोळाव्या वर्षी पहिल्यांदा जाणाऱ्या मुलासाठी ओपन क्लास जास्त चांगला. नाव मोठं नसेल, पण तिथे मूल बहुतेक पहिल्या दिवसापासून मैदानावर असतं. नामांकित कोअरमध्ये राखीव खेळाडू म्हणून उन्हाळाभर बाजूला उभं राहण्याला काही अर्थ नाही, मात्र हे पटायला पालकांनाच जास्त वेळ लागतो.

ऑडिशन कधी आणि कशी होते?

आदल्या शरद ऋतूपासून. नोंदणी सुरू झाली की कोअर एक पॅकेट देतो. त्यात सरावाचे तुकडे, स्केल, तालाचे पाठ आणि चालण्याची तंत्रं असतात. हे पॅकेट मिळाल्यापासून रोज वाजवायचं. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये शनिवार-रविवारची शिबिरं होतात. तिथे गटात वाजवायचं, मैदानावर चालायचं आणि एका शिक्षकासमोर एकट्याने पाच-दहा मिनिटं परीक्षा द्यायची. पुढे काहींना थेट करार मिळतो, काहींना कॉलबॅक म्हणजे पुढच्या शिबिराला पुन्हा यायचं बोलावणं येतं, आणि काहींना नकार.

बरेच कोअर व्हिडिओवरही ऑडिशन घेतात. त्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्याकडची मुलं नेमकी इथे मार खातात. व्हिडिओ सुंदर करायचा नसतो. एका दमात केलेलं, न कापलेलं रेकॉर्डिंग हवं. मेट्रोनोमचा (ठरलेल्या लयीत टिकटिकणाऱ्या यंत्राचा) आवाज ऐकू यावा. डोक्यापासून पावलांपर्यंत सगळं दिसावं, कारण उभं राहण्याची ढब, श्वास आणि पाय हे सगळं बघतात. गॅरेज चालेल, बॅकयार्ड चालेल. आवाजाला एको देऊ नका, चुका झाकायच्या त्या युक्त्या शिक्षक चटकन ओळखतात. आधी नाव, वय, गाव आणि वाद्य सांगायचं आणि वाजवायला लागायचं. आईने मागून "परत कर, परत कर" म्हटलेलं रेकॉर्ड होऊ देऊ नये, हे आणखी एक.

शिक्षक नेमकं काय बघतात?

वाजवणं तर बघतातच. पण शिबिरात खरी परीक्षा दुसऱ्या फेरीत असते. शिक्षक एक दुरुस्ती सांगतात, "हात सैल ठेव" किंवा "पाऊल थोडं लवकर सोड", आणि लगेच पुन्हा करायला लावतात. दुसऱ्या वेळी बदल दिसला की ते मूल त्यांच्या वहीत वर सरकतं. पहिल्याच खेपेला बिनचूक वाजवून नंतर कान बंद केलेलं मूल मागे पडतं. उन्हाळ्यात रोज शेकडो सूचना येणार असतात, त्यामुळे हे साहजिक आहे.

दुसरी गोष्ट चालणं. पाच यार्डांत आठ पावलं, म्हणजे प्रत्येक पाऊल साडेबावीस इंचांचं, हे या जगाचं मूळ माप. वाजवणाऱ्या मुलांना चालण्याची तयारी दुय्यम वाटते आणि तिथेच गुण जातात. आता तर पितळी वाद्यं वाजवणाऱ्यांनाही नृत्याचे पाठ असतात. घरी रोज वीस मिनिटं मेट्रोनोमवर चालू द्या. शेजारी बघतील, बघू द्या.

कोणत्या विभागात जागा मिळणं सोपं?

सोपं कुठेच नाही, पण गणित समजलं तर शहाणपणाने निवड करता येते. पूर्ण भरलेल्या मोठ्या कोअरमध्ये सत्तर-ऐंशी जण पितळी वाद्यांवर, चाळीसच्या आसपास गार्डमध्ये, आणि उरलेले बॅटरी (चालत वाजवायचे ड्रम), फ्रंट एन्सेंबल (पुढे एका जागी वाजणारी वाद्यं) आणि ड्रम मेजर (हाताने ताल दाखवणारे म्होरके).

सर्वात चुरस स्नेअरला, म्हणजे कडक आवाजाच्या छोट्या ड्रमला. एका कोअरमध्ये स्नेअर साधारण आठ ते दहा, आणि त्यातले निम्मे जुने परत आलेले. म्हणजे चार-पाच जागांसाठी देशातले सगळे हुशार हात. टेनर (एकत्र जोडलेल्या ड्रमचा संच) चार-पाच, तिथेही तसंच. ट्रम्पेटच्या जागा जास्त, पण उमेदवार त्याहून कितीतरी जास्त. याउलट मेलोफोन (फ्रेंच हॉर्नचा मैदानी भाऊ) आणि काँट्रा यांना बऱ्याचदा माणसं हवी असतात. काँट्रा म्हणजे खांद्यावर घ्यायचा टुबा. दहा किलोच्या वर वजन, वर श्वास पुरवायचा, त्यामुळे हौशे-नवशे आपोआप गळतात.

बेस ड्रमबद्दल गैरसमज फार आहे. स्नेअरला न मिळालेल्यांना तिथे ढकलतात असं मुलांना वाटतं. पाच वेगवेगळ्या आकारांचे पाच ड्रम असतात आणि एकच ओळ पाच जणांत तोडून दिलेली असते. तुमच्या वाट्याला वेगात जाणाऱ्या सुरावटीतला तिसरा ठोका, मग सातवा, मग शांतता. स्वतःचा ठोका नेमक्या फटीत टाकायला डोक्यातली लय पोलादी लागते. वाजवताना हात थोडे कच्चे पण लय पक्की असलेल्या मुलाला शिक्षक स्वतःहून बेसकडे वळवतात, आणि ती पदावनती नसते.

फ्रंट एन्सेंबल (मुलं त्याला पिट म्हणतात) मैदानाच्या पुढच्या कडेला उभं असतं: मरिंबा, व्हायब्राफोन, झांजा, आणि २००९ पासून इलेक्ट्रॉनिक वाद्यांना परवानगी असल्याने सिंथेसायझर. लहानपणापासून पियानोच्या क्लासला जाणाऱ्या मराठी मुलांची फौज आपल्याकडे आहे, आणि त्यांच्यापैकी फारच थोड्यांना हे दार माहीत असतं.

मुलगी सॅक्सोफोन वाजवते. तिला काहीच नाही का?

आहे, पण वाद्य बदलावं लागेल. सॅक्सोफोन, क्लॅरिनेटवाली मुलं मेलोफोन किंवा बॅरिटोन या खालच्या सुरांच्या पितळी वाद्याकडे वळतात. सहा-आठ महिने मनापासून दिले तर ओपन क्लासपुरती तयारी होऊ शकते. फ्रेंच हॉर्नवाल्यांना मेलोफोन जवळचा, ट्रॉम्बोनवाल्यांना बॅरिटोन किंवा युफोनियम. नियमाने २०१४ पासून सर्व पितळी वाद्यं चालतात, ट्रॉम्बोनसुद्धा, पण बहुतेक कोअर ती एखाद्या खास प्रसंगापुरतीच वापरतात. वाद्य बहुधा कोअर देतो. आपला माउथपीस (वाद्याला ओठ लावायचा भाग) आणि हातमोजे घेऊन जायचे.

मुलगा आमच्या मंडळाच्या ढोल-ताशा पथकात ताशा वाजवतो. त्याचा उपयोग होईल?

अर्धा होईल. तासन्‌तास उभं राहून वाजवायची सवय, गर्दीत लय न सोडणं, पथकाबरोबर श्वास घेणं, हे सगळं तो घेऊन जातो आणि शिक्षकांना ते जाणवतं. ताशावाल्यांचं मनगट हलकं आणि जलद असतं, तेही खरं.

बाकीचं अर्धं मात्र नव्याने शिकायचं आहे. इथे काठी किती इंच वर उचलायची तेही ठरलेलं असतं आणि नऊच्या नऊ जणांच्या काठ्या त्याच उंचीवर दिसाव्या लागतात. आपल्या पथकात जोश चढला की हात वर जातो, इथे जोश चढला तरी हात वर जायचा नाही. स्वरलिपी वाचता आली पाहिजे. चाळीस रुडिमेंट, म्हणजे काठीने वाजवायचे मूळ बोल, बोटांवर असली पाहिजेत. तबला शिकलेल्यांनाही हेच लागू: लयकारीची समज सोन्यासारखी, पण काठीचं तंत्र शून्यापासून. शाळेच्या ड्रमलाइनमध्ये एक-दोन वर्षं काढल्याशिवाय थेट कोअरकडे पाठवू नका.

कथक किंवा भरतनाट्यम शिकलेल्या मुलीला कलर गार्ड जमेल का?

जमेल, आणि तिच्या लक्षात येण्याआधी शिक्षकांच्या लक्षात येईल. तालाचा कान, चेहऱ्यावरचे भाव, अंगाची रेषा, चक्करनंतर तोल सांभाळणं, हे आयतं मिळतं. बॅले आणि मॉडर्न नृत्याची थोडी ओळख करून घ्यावी लागेल, कारण गार्डची भाषा त्यांची आहे. झेंडा, लाकडी रायफल आणि तलवार हाताळणं वेगळं शिकायचं. बोटांना निळे डाग पडतात, नंतर सवय होते. हिवाळ्यात विंटर गार्डचा हंगाम असतो, त्याच्या स्पर्धा १९७७ मध्ये स्थापन झालेली डब्ल्यूजीआय ही संस्था घेते आणि अंतिम फेरी ओहायोतल्या डेटनला होते. कोअरची तयारी म्हणून एक हिवाळा तिथे घालवणं फार उपयोगाचं. मुलगेही गार्डमध्ये असतात, भरपूर असतात. "पोरगा झेंडा काय फिरवतो" म्हणणाऱ्या नातेवाइकांना एकदा शो दाखवा.

नकार आला तर?

बहुतेकांना पहिल्या वर्षी येतो. नकाराबरोबर शिक्षकांचा शेरा येतो, तो जपून ठेवा. त्यात काय कमी पडलं हे लिहिलेलं असतं आणि पुढच्या वर्षीचा अभ्यासक्रम तोच.

मात्र डिसेंबरचा नकार शेवटचा नसतो, हे कुणी सांगत नाही. करार घेतलेली मुलं फेब्रुवारी-मार्चमध्ये गळतात. कुणाला इंटर्नशिप मिळते, कुणाचे पैसे जमत नाहीत, कुणाचा गुडघा दुखावतो. मग कोअर रिकाम्या जागा जाहीर करतात, कधी कधी मे महिन्यातसुद्धा. त्या वेळी पहिला फोन कॉलबॅकपर्यंत आलेल्या आणि सराव न सोडलेल्या मुलांना जातो. म्हणून नकाराला आभाराचं एक छोटं उत्तर पाठवायला सांगा आणि पॅकेट कपाटात टाकू देऊ नका.

एकाच वेळी दोन-तीन कोअरची ऑडिशन देण्यात काही गैर नाही, सगळेच देतात. एक मोठा, एक मधला, एक घराजवळचा, असा हिशोब ठेवा. पण करारावर सही एकाच ठिकाणी. सही करून दुसरीकडून बोलावणं आलं की पळायचं, ही खोड लावू नका. हे जग लहान आहे, आज इथे शिकवणारा शिक्षक उद्या तिथे असतो. आधीच्या कोअरची थकबाकी असेल तर तीही आधी मिटवा.

दुसऱ्या वाद्यावर जागा देऊ केली तर? घ्या, असं माझं उत्तर. फक्त मुलाला एक रात्र विचार करू द्या. तीन महिने रोज वाजवायचं त्यालाच आहे.

एकूण खर्च किती?

इथे मऊ शब्द वापरण्यात अर्थ नाही. वर्ल्ड क्लासची फी चार हजार डॉलरच्या पुढे, मोठ्या कोअरमध्ये पाच-सहा हजारांच्या घरात. ओपन क्लासची बरीच कमी. ऑडिशनची फी वेगळी, आणि वसंत ऋतूतल्या मासिक शिबिरांचा प्रवास वेगळा. डॅलसच्या मुलाने कॅलिफोर्नियाचा कोअर धरला तर विमानाची तिकिटंच हजाराच्या वर जातात. बूट, हातमोजे, काठ्या, उन्हाची टोपी, सनस्क्रीनचे डबे हे वरचं.

फीमध्ये जेवण, बसचा प्रवास, झोपायची जागा आणि शिकवणी येते. एका मुलामागे कोअरचा खरा खर्च फीपेक्षा जास्त असतो, बाकी देणग्या आणि इतर उत्पन्नातून भागतं. सांता क्लारा व्हॅनगार्ड आणि ब्लू डेव्हिल्स यांनी वर्षानुवर्षं बिंगोचे खेळ चालवून पैसे उभे केले. तरीही या कोअरची आर्थिक तब्येत नाजूक असते. २०१८ ची विजेती व्हॅनगार्ड २०२३ मध्ये मैदानात उतरलीच नाही, पुढच्या वर्षी परतली. म्हणून करारात दोन कलमं आधी वाचा: मुलाने सोडलं तर किती परत, आणि कोअरनेच हंगाम रद्द केला तर किती परत.

हप्ते असतात, शिष्यवृत्तीही असतात. अर्ज करायला लाजू नका. मुलाने उन्हाळ्याआधी नोकरी करून किंवा ओळखीच्यांना पत्रं लिहून थोडा वाटा उचलावा, हे कोअरमध्ये कमीपणाचं मानत नाहीत.

राहणं, खाणं, शाकाहार?

शाळेच्या जिममध्ये जमिनीवर गादी टाकून झोपायचं. रात्रीचा प्रवास बसमध्ये बसल्या बसल्या. सकाळपासून रात्रीपर्यंत सराव, तोही उन्हात. जेवण ट्रकमधल्या स्वयंपाकघरात स्वयंसेवक बनवतात, दिवसाला चार वेळा. शाकाहारी सोय बहुतेक ठिकाणी होते, पण नोंदणीच्या फॉर्मवर स्पष्ट लिहा आणि अंडं चालतं का तेही लिहा. वरण-भाताची अपेक्षा नको. मेतकूट आणि चटणीची छोटी डबी मात्र बॅगेत मावते.

डॉक्टरांची तपासणी सक्तीची असते. दमा, अॅलर्जी, जुनी दुखापत लपवू नका. कानात प्लग घालायची सवय आत्तापासून लावा.

मुलं सुरक्षित असतात का?

हा प्रश्न कोअरला थेट विचारा, आणि उत्तर देताना समोरचा अवघडला तर तो कोअर सोडा. या क्षेत्राने फार वाईट दिवस पाहिले आहेत. १९३४ पासूनचा, डीसीआयची दहा विजेतेपदं मिळवलेला कॅडेट्स हा कोअर. त्याच्या संचालकावर अनेक स्त्रियांनी लैंगिक गैरवर्तनाचे आरोप केल्याचं वृत्तपत्रात आलं आणि २०१८ मध्ये त्याला राजीनामा द्यावा लागला. पुढे जुन्या अत्याचाराच्या आरोपांवरून दावा झाला, कायदेशीर खर्च पेलवेना आणि २०२४ मध्ये संस्थाच बंद झाली.

विचारायचे प्रश्न असे: प्रत्येक शिक्षक आणि स्वयंसेवकाची पार्श्वभूमी तपासता का? शिक्षक मुलाला एकटं भेटू शकतो का, खासगी मेसेज पाठवू शकतो का? तक्रार संचालकाविरुद्ध असेल तर कुणाकडे करायची? अल्पवयीन आणि एकवीस वर्षांची मुलं एकाच जिममध्ये झोपतात का? मुलालाही ही उत्तरं माहीत असू द्या, आणि घरी फोन करायला कुणाची परवानगी लागत नाही हे त्याला निक्षून सांगा.

एच-४ व्हिसावर जाता येतं का? भारतातून भाचा येऊ शकतो का?

मूल इथे पगार घेत नाही, उलट फी भरतं, त्यामुळे ही नोकरी ठरत नाही. अडचण वयाची आहे. एच-४ चा आश्रित दर्जा एकविसाव्या वाढदिवसाला संपतो, आणि ग्रीन कार्डच्या रांगेतल्या आपल्या घरांत नेमकं एज-आउटचं वर्ष त्यात सापडतं. त्यानंतर एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जायचं असेल तर ते उन्हाळ्याच्या बरंच आधी उरकायला हवं. परदेशी मुलंही कोअरमध्ये असतात, जपानहून तर वर्षानुवर्षं येत आहेत. मानधन न घेता संगीताच्या स्पर्धेत भाग घेणाऱ्या हौशी कलाकारांची बी-२ व्हिसात तरतूद आहे, पण तिकीट काढण्याआधी कोअरशी आणि इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला. मंडळातल्या काकांचा सल्ला पुरेसा नाही.

कॉलेज प्रवेशाला फायदा?

निबंधाला विषय मिळतो. त्याहून जास्त गृहीत धरू नका. कॉलेजात गेल्यावर खरा पेच इंटर्नशिपचा येतो, कारण दोन्ही एकाच उन्हाळ्यात मावत नाहीत. जायचं असेल तर बारावीच्या आगेमागे एक-दोन वर्षं जाऊन यावं, म्हणजे तिसऱ्या वर्षी घरात भांडण होत नाही. एपी परीक्षा आणि पदवीदान यांसाठी कोअर बहुधा सुट्टी देतात, फक्त तारखा करार करतानाच कळवा.

आजी-आजोबा उन्हाळ्यात इथेच असतात. त्यांना शो कुठे दाखवता येईल?

जूनअखेरीपासून दौऱ्यातल्या गावोगावी शो असतात. तिथली तिकिटं इंडियानापोलिसच्या मानाने स्वस्त. पुढच्या रांगेचा मोह टाळा. पन्नास यार्डांच्या रेषेसमोर, जितकं वर बसता येईल तितकं बसा, आकृत्या तिथूनच उमगतात. आजीला कापूस द्या कानात घालायला, आणि मूल कुठल्या कोपऱ्यातून निघून कुठे पोचतं हे आधीच विचारून ठेवा. दीडशे सारख्या टोप्यांमध्ये नातू सापडेपर्यंत निम्मा शो संपतो.